माळवदाखालचा कवडसा : एका छोट्या खोलीच्या प्रकल्प नोंदी

१९ नोव्हेंबर

काय करायचं ते ठरलं. मंगळवेढ्याला आत्याच्या घरातली मधली खोली, एकास बारा मापात. खऱ्या घरातला एक फूट म्हणजे माझ्या टेबलावरचा एक इंच. वेळ मे महिन्यातल्या भर दुपारची. खोलीत माणूस नाही, पण आत्ताच कुणीतरी उठून आत गेलंय असं वाटायला हवं.

छोट्या खोल्यांचे फोटो मी खूप वर्षं बघत आलेय. त्यात खिडकीबाहेर बर्फ असतो, आत शेकोटी, खुर्चीवर जाड लोकरी पांघरूण, किटलीतून वाफ. बघताना मन रमतं. पण सोलापुरात माणूस घरात शिरून 'हुश्श' करतो तो उन्हातून आल्यावर. चपला दारात काढल्या की तळपायाला गार जमीन लागते. डोळ्यांपुढे क्षणभर अंधारी येते, मग एकेक वस्तू दिसायला लागते. पहिला दिसतो तो माठ. घर जवळचं वाटतं ते आपल्याकडे त्या सावलीमुळे. मला ती सावली बनवायची आहे.

२३ नोव्हेंबर

भाच्याचा दिवाळीतला किल्ला अजून अंगणात उभा आहे. हळीव वाळून पिवळे पडलेत, एका बुरुजाची माती ढासळलीय, तरी तो मोडू देत नाही. आज त्याच्या शेजारी उकिडवी बसून तासभर बघत राहिले. दरवाजापेक्षा मावळा उंच, विहिरीपेक्षा वाघ मोठा, आणि सिंहासनावरचे महाराज सगळ्यांत मोठे. मापाचा हिशोब केला तर काहीच जुळत नाही, पण पोराच्या मनात कशाला किती महत्त्व आहे ते बरोबर मापात उतरलंय.

छोटं जग रचायची सवय आपल्याकडे बाहेरून आलेली नाही. दिवाळीतला किल्ला, भातुकली, गौरीपुढची आरास, लग्नातलं रुखवत, हे सगळं आपण लहानपणापासून हाताळलेलं आहे. रुखवतात मावशीनं काड्यापेटीच्या काड्यांचं तुळशीवृंदावन केलं होतं, त्यातला दिवा लावायचा कोनाडा जेमतेम करंगळीच्या नखाएवढा. तो कोनाडा मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. माझी शिकवणी तिथूनच सुरू झाली असं मी मानते.

७ डिसेंबर

मंगळवेढा. टेप, वही, मोबाईल, आणि आत्याच्या हातची कडक भाकरी व शेंगाचटणी.

दिवसभर नुसती मापं घेतली. भिंतीची जाडी दोन फुटांहून थोडी जास्त निघाली. दगड आणि मातीचं काम, वर चुन्याचा हात, त्यात नीळ घातलेली. दाराची उंची साडेपाच फुटांच्या आत, म्हणून या घरात शिरताना आपोआप मान लवते. भिंतीत दोन कोनाडे आणि एक देवळी. खांबांवर तुळया, तुळयांवर किलचण म्हणजे आडव्या लाकडी पट्ट्या, त्यावर मातीचे थर आणि सगळ्यांत वर पांढरी माती. गावठाणातली ही पांढरी पाऊस अंगावर घेते पण आत झिरपू देत नाही, म्हणून माळवदाला, म्हणजे या मातीच्या सपाट छताला, तीच लागते. दर उन्हाळ्याच्या शेवटी वर चढून नवा थर टाकायचा आणि चोपायचा. आत्याचे सासरे गेल्यापासून हे काम मजुराकडून होतं, आणि मजूर मिळेनासे झालेत. माळवद उतरवून स्लॅब टाकायचं बोलणं घरात चालू आहे.

एवढ्या जाड मातीचा गुण असा, की दुपारचं ऊन तिच्यातून आत पोचेपर्यंत रात्र होते. दिवसभर खोली गार, आणि उन्हाळ्यात रात्री माणसं माळवदावर अंथरूण टाकून उघड्यावर झोपतात. घरच असं बांधलंय की दिवसा खाली राहावं आणि रात्री वर.

यातून माझ्या कामाचा पहिला नियम निघाला. बाजारात मिळणाऱ्या छोट्या घरांच्या भिंती पाच मिलिमीटरच्या पुठ्ठ्याच्या असतात. माझी भिंत दोन इंच जाड पाहिजे. गारवा डोळ्यांना दाखवायचा तर तो भिंतीच्या जाडीतूनच दाखवता येतो: खोल गेलेल्या कोनाड्यातून, आणि दाराच्या चौकटीत आत सरकत गेलेल्या सावलीतून.

छतात फूटभर लांबी-रुंदीचं साणं, म्हणजे उजेडासाठी ठेवलेलं भोक, आहे. मला वाटलेलं, बारा वाजता त्यातून उन्हाची तिरीप जमिनीवर पडेल आणि तिचा फोटो काढता येईल. तसं झालं नाही. साण्याच्या आतल्या उत्तरेकडच्या कडेवर ऊन चकाकत राहिलं, खाली नुसता मऊ उजेड. छताची जाडी दीड फूट, आणि डिसेंबरचा सूर्य दक्षिणेला इतका कललेला, की किरण त्या मातीच्या नळीतच अडतात. आत्या चुलीजवळून म्हणाली, "उन्हाळ्यात ये की गं. तवा उतरतंय ते खाली."

मेमध्ये परत यायचं ठरलं.

१५ डिसेंबर

संध्याकाळी जुन्या मोठ्या कामांचे फोटो पाहिले. इंग्लंडच्या राणी मेरीसाठी १९२१ ते १९२४ या काळात केलेलं बाहुलीघर विंडसर किल्ल्यात आहे. आराखडा लुट्येन्सचा, म्हणजे ज्यानं दिल्लीचं राष्ट्रपती भवन उभं केलं त्याचाच. माप एकास बारा. नळाला पाणी येतं, दिवे लागतात. कारागिरी थक्क करणारी आहे, पण मला तिथं बसावंसं वाटत नाही, कारण कुठल्याच वस्तूला हात लागलेला नाही.

शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधल्या थॉर्न खोल्या मात्र पुन्हा पुन्हा पाहिल्या. ६८ खोल्या, बहुतेक याच मापाच्या. त्यांचं मर्म खोलीच्या बाहेर आहे. खिडकीपलीकडे बागेचा तुकडा, दारापलीकडे दुसऱ्या खोलीचा कोपरा रचलाय आणि उजेड तिकडून आत येतो. आपण बघतो ते चार भिंती, पण मनाला पुढचं घर जाणवतं. माझ्याही दारापलीकडे परस हवा.

२९ डिसेंबर

परसासाठी नान्नजचा माळ. बार्शी रस्त्यानं सकाळी लवकर निघालो. १९७९ साली जाहीर झालेलं माळढोक अभयारण्य इथं आहे. माळढोक आता क्वचितच कुणाला दिसतो. आम्हाला काळवीट दिसले, लांबवर, गवताच्या रंगात मिसळून गेलेले. आणि एक धाविक पक्षी: थोडं पळायचं, थबकायचं, पुन्हा पळायचं.

छोट्या निसर्गदृश्यांत सगळीकडे शेवाळ आणि नेचे वापरतात. आमच्या कोरड्या मुलखात ते कुठून येणार, आणि आणावं तरी का? मी कुसळीच्या गवताशेजारी जमिनीला गाल टेकवून पाहिलं. त्या उंचीवरून माळ म्हणजे जंगलच आहे. लांबून सगळं पिवळं वाटणारं गवत बुडाशी तांबूस-जांभळं असतं, वर जाताना विटकरी, आणि टोकालाच काय ती वाळल्या कडब्याची पिवळाई. सोलापूरच्या उन्हाळ्याचा रंग ठरवायचा तर या एका काडीवरून ठरवता येईल. तिथंच बसून रंगांच्या पट्ट्या काढल्या.

अभयारण्यातून काडीसुद्धा उचलायची नसते. कुसळी परत येताना रस्त्याकडेच्या बांधावरून घेतली, तिथं ती हवी तितकी आहे.

घरी आल्यावर एक कुसळ पाण्याच्या थेंबात ठेवलं. त्याचा खालचा भाग पिळलेल्या दोरीसारखा असतो. ओल लागताच पीळ उलगडायला लागला आणि वरचं वाकडं टोक घड्याळाच्या काट्याच्या संथपणानं गोल फिरलं. वाळल्यावर पुन्हा पीळ बसला. बी जमिनीत रुतवायची ही त्याची युक्ती: सकाळचं दव आणि दुपारचं ऊन यांच्या जोरावर ते स्वतःला मातीत फिरवून घालतं. मला केरसुणी करायची होती, तर पीळ असलेला भाग कापून टाकला आणि वरचा सरळ केसासारखा भाग तेवढा घेतला. पिळासकट घेतली असती तर पावसाळ्यात माझी केरसुणी आपोआप वळायला लागली असती. आता दीड इंचाची केरसुणी दाराआड उभी आहे, मुठीला लाल दोरा गुंडाळून.

झाडाचंही काम झालं. आत्याच्या परसात कडुनिंब आहे, पण कडुनिंबाचं खरं पान या मापात केळीच्या पानाएवढं दिसतं. बाभळीची पानं चार-पाच मिलिमीटरची, म्हणजे बारापट केली की नेमकी कडुनिंबाच्या पानाएवढी. डहाळी ग्लिसरीनच्या पाण्यात मुरवली, कारण बाभळीची पानं वाळताना झडतात.

१६ जानेवारी

गड्डा. सिद्धेश्वराची यात्रा आणि होम मैदानावरचे पाळणे, खेळणी, भांडी. ओळखीच्यांच्या गच्चीवरून सातही नंदीध्वजांची मिरवणूक पाहिली. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं वरून एकसारखी दिसतात, आणि त्यांच्यामधून ते उंच ध्वज तोल सांभाळत सरकत जातात. वरून पाहिलं की चेहरे जातात आणि चाल तेवढी उरते. वहीत लिहून ठेवलं: छोट्या जगात तपशील कमी केला तरी चालेल, ठेवण चुकता कामा नये.

मैदानावर लाकडी आणि पितळी भातुकली घेतली: जातं, पाटा-वरवंटा, परात, तवा. घरी मोजली तर तवा अडीच इंचांचा, म्हणजे माझ्या खोलीत तो अडीच फुटांचा होईल. भातुकली खोलीच्या मापाची नसतेच. ती लहान मुलीच्या पंजाच्या मापाची असते, तिच्या बोटांना धरता यावी म्हणून. या वस्तू खोलीत जाणार नाहीत, पण आकार शिकायला यांच्यासारखा गुरू नाही. परातीचा काठ कुठं वळतो, जात्याचा खुंटा किती कलता असतो, हे खेळणी करणाऱ्यानं दोन-तीन रेषांत पकडलंय.

१२ फेब्रुवारी

चादर. सोलापूरची खोली आणि तिच्यात चादर नाही, असं होऊच शकत नाही.

मोठी चादर साधारण पाच फूट बाय साडेसात फूट, म्हणजे इथं पाच इंच बाय साडेसात. भौगोलिक मानांकन मिळालेली ही वस्तू जेकार्डवर विणली जाते आणि दोन्ही अंगांनी वापरता येते. नक्षी विणीतच असते, छापलेली नसते. म्हणून छापील कापडाचा तुकडा मला चालणार नव्हता. शिलाईचा दोरा या मापात सुतळीएवढा जाड होतो, म्हणून भरतकामाचा रेशमी धागा उकलून त्याचे पदर सुटे केले, पुठ्ठ्याच्या चौकटीवर ताणा लावला आणि सुईनं बाणा भरला. मरून आणि मोरपंखी.

सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या ओळखीच्या मामांना दाखवायला नेली. त्यांचं आयुष्य मागावर गेलंय. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. चष्मा वर सरकवून त्यांनी ती बोटांत धरली, उजेडाकडे नेली, मग टेबलाच्या काठावरून सोडून दिली. ती पुठ्ठ्यासारखी आडवीच राहिली. "नक्षी चांगली उतरलीय ताई," ते म्हणाले, "पण चादर पडती कशी ते बघा आधी. अंगावर घेतलेली चादर अशी उभी ऱ्हात नाही."

कापड छोटं केलं तरी त्याचं वजन त्या प्रमाणात वागत नाही. कागदाएवढं हलकं झालेलं कापड स्वतःच्या भारानं खाली झुकत नाही. पाणी, धूर, धूळ, आग यांचंही तेच. या गोष्टींना लहान करता येत नाही, फक्त त्यांचा परिणाम दाखवता येतो. चादर आता पातळ खळीत बुडवून दांडीवर टाकली, टाचण्यांनी घड्या धरून ठेवल्या आणि वाळू दिली. मधे खोलगट आणि कडेला जड अशी पडलीय. मामांनी फोटो पाहून अंगठा पाठवला.

९ मार्च

जमीन सारवली. चाळलेली काळी माती, चहाची बारीक पूड आणि फेविकॉल. खरं शेण या मापात भरड दिसतं.

सारवताना आत्याचा हात कोपरापासून अर्धगोल फिरतो आणि दोन-अडीच फुटांची कमान उमटते. एका कमानीवर दुसरी, अशी भिंतीपासून दाराकडे मागं सरकत येते. म्हणजे मला दोन-अडीच इंचांच्या कमानी हव्यात, आणि त्यांच्यात चार बोटांच्या चार रेघा. काडीला चिंधी गुंडाळून, चिंधीचे चार पदर मोकळे ठेवून ओढल्या. भिंतीपासून सुरुवात केली आणि दाराशी संपवलं, तिच्याच क्रमानं. क्रम बदलला असता तर शेवटची कमान भलत्याच ठिकाणी आली असती, आणि ज्यानं कधी सारवलंय त्याला ते लगेच कळलं असतं.

२१ मार्च

माठ. इंचभर रुंद, शाडूचा. रंगवायला आठवडा लागला आणि त्याचं मला समाधान आहे.

माठ एका रंगाचा नसतो. पाणी आहे तिथपर्यंत तो ओला, गडद, किंचित चमकणारा. पाण्याच्या पातळीच्या वर फिका आणि कोरडा. या दोहोंच्या सीमेवर क्षारांची पांढरट रेघ, आणि नीट पाहिलं तर एक रेघ नसतेच. पाणी रोज वेगवेगळ्या उंचीवर राहिलेलं असतं म्हणून तीन-चार पुसट रेघा एकावर एक असतात. पाणी अंगातून पाझरतं, हवेत उडतं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. ते पाझरणं दिसलं तरच माठ गार वाटतो. गडद भागावर पातळ वार्निशचा हात दिला, वरचा भाग खडूच्या भुकटीनं निस्तेज केला, आणि माठाखालच्या जमिनीवर ओलीचं एक कडं काढलं.

झाकणावरचा पेला उपडा ठेवलाय. भाकऱ्यांची चवड झाली. बाकी भांडी झाली, त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

१८ एप्रिल

पारा चाळिशीच्या वर आहे. दुपारी फेविकॉल बाटलीच्या तोंडाशीच सुकतो, म्हणून काम पहाटे.

उजेडाच्या चाचण्या. पिवळसर एलईडी लावला की खोलीत दिवेलागण होते. दुपारसाठी पांढरा हवा. पट्टीतले खूप दिवे एकत्र लावले की कवडशाच्या कडा विरघळतात. सूर्य आकाशात अर्ध्या अंशाएवढाच दिसतो, म्हणून त्याच्या कवडशाची कड धारदार असते. तेव्हा एकच छोटा दिवा, आणि तो साण्यापासून जमेल तितका उंच. आता मी तो फळीच्या वरच्या कप्प्याला टांगलाय आणि कड स्पष्ट आली.

खोलीत दुसरा दिवा लावायचा नाही असं ठरवलं. कवडसा जमिनीवर पडतो, तिथून उसळलेला मातकट उजेड किलचणीच्या खालच्या बाजूला लागतो, निळसर चुन्यावर थोडा हिरवट होतो, आणि कोनाड्यांपर्यंत पोचता पोचता संपतो. रंग देऊन हे साधलं नसतं. दारापलीकडचा परस मात्र मुद्दाम विटका केला, प्रत्येक रंगात पांढरा मिसळून. आतल्या अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना बाहेरचं ऊन तसंच दिसतं.

१२ मे

मंगळवेढा. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या भागात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचे दिवस. अंगणात उभा केलेला पितळी तांब्या साडेबाराच्या सुमारास सावलीविना उभा होता.

आत साण्यातून ऊन थेट खाली उतरलेलं. साण्याचाच चौकोन, त्याच मापाचा, जमिनीवर. खडूनं त्याच्या कडा आखल्या आणि दर दहा मिनिटांनी पुन्हा आखल्या. चौकोन पूर्वेकडे सरकत बारीक होत गेला आणि सुमारे सव्वादोन तासांत साण्याच्या भिंतीत परत गेला. म्हणजे माझा दिवा साण्याच्या अगदी सरळ वर हवा, बोटभरही कलता नको. मापं मिळाली.

मापांहून मोठी गोष्ट त्या वेळात मिळाली. आत्या सूप घेऊन आली आणि चौकोनाच्या कडेला बसली. स्वतः सावलीत, सूप उन्हात. ज्वारीतले खडे वेचायला या खोलीत एवढाच लख्ख उजेड मिळतो, आणि तोही उन्हाळ्यातल्या थोड्याच दिवसांत, म्हणून वर्षाची ज्वारी भरून ठेवण्याआधीचं निवडणं ती याच वेळेला काढते. तिची सासूही इथंच बसायची म्हणे. ती उठल्यावर मी जमीन पाहिली. कितीही वेळा सारवली तरी त्या जागी हलका खोलगटपणा आहे, बसणाऱ्या माणसाएवढा, आणि त्याच्या शेजारचा खांब पाठ टेकायच्या उंचीवर गुळगुळीत झालाय. डिसेंबरमध्ये मी हाच खांब मोजला होता. तेव्हा ते गुळगुळीत कशानं झालंय ते सांगणारं ऊन खोलीत नव्हतं.

आत्याला फोटो दाखवले. केरसुणी, माठ, चादर. चादरीशी ती थांबली आणि म्हणाली, "ही दांडी त्या भिंतीला घे. हितं ऊन लागून रंग जातोय तिचा."

१४ मे

दांडी हलवली. खांबाला एका इंचापासून पावणेदोन इंचांपर्यंत बारीक पॉलिश पेपर आणि वर मेणाचा हात. जमिनीचा तेवढा भाग ओला करून अंगठ्यानं दाबला, वर पातळ सारवण, कमानी पुन्हा ओढल्या.

सूप करायचं राहिलंय: दीड इंच, बांबूच्या कामट्या केसाएवढ्या तासून. ज्वारीसाठी खसखस घेऊन पाहिली, पण ती या मापात लिंबाएवढी नसली तरी बोराच्या बीएवढी दिसते. ज्वारीचा दाणा चार मिलिमीटरचा, म्हणजे इथं मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. सीना नदीची वाळू ओढणीतून चाळली तर त्या मापाचे कण मिळतात, रंगही पिवळट-पांढरा. सूप कवडशात अर्धं आत, अर्धं बाहेर ठेवायचं, वेचलेले खडे डाव्या हाताला. आत्या डावखुरी आहे.

कामट्या भिजत घातल्यात.